सर निघून गेल्यानंतर

१

ऑपरेशनचा व्हिडिओ होता, पण त्याचा शेवट गायब होता.

हे तिला कोणी मुद्दाम सांगितलं नाही. नाकात नळी आणि हातात सलाईन घेऊन डोळे मिटून पडलेल्या माणसासमोर लोक वाट्टेल ते बोलतात. खाटेच्या पायथ्याशी उभे राहून मोठे सर ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरना दबक्या आवाजात विचारत होते.

"आतलं शिवून झालं, इथपर्यंत दिसतंय. पुढे काहीच नाही. कोणी पुसलं?"

"मी तरी हात लावला नाही, सर."

"मग काय आपोआप गेलं?"

तिच्या काळजात धस्स झालं. आपल्या पोटात असं काय घडलं होतं, की कोणाला तरी ते पुसून टाकावंसं वाटलं?

एरवी ती भिणाऱ्यांतली नव्हती. गाडी शिकवणं हा तिचा धंदा. घामाघूम झालेल्या माणसांच्या शेजारी बसून "क्लच सोडा, हळू, अजून हळू" म्हणत तिने शहरातल्या निम्म्या भित्र्या लोकांना रस्त्यावर आणलं होतं. पण पोटाने तिला लहानपणापासून छळलं होतं. मधूनच अशी कळ यायची की ती कमरेत वाकायची, आणि डॉक्टरकडे पोचेपर्यंत सगळं शांत. शाळेत असताना घरचे म्हणाले, नाटकं. कॉलेजात म्हणाले, परीक्षेची भीती. लग्नानंतर तेच म्हणायला नवीन माणसं मिळाली. शेवटी भर चौकात, शिकाऊ माणूस स्टिअरिंगवर असताना ती सीटवर मुटकुळं होऊन कोसळली, तेव्हा कुठे स्कॅन झाला आणि चोर सापडला. जन्मापासूनच तिच्या पोटात डाव्या बाजूला, आतड्यांच्या मागे, एक चोरकप्पा राहून गेला होता. आतडं त्यात शिरायचं, अडकायचं, आणि मनात आलं की बाहेर यायचं. डॉक्टरांच्या भाषेत जन्मजात आतला हर्निया, बाहेरून काहीही न दिसणारा.

मोठ्या सरांनी पोटाला लहान लहान भोकं पाडून दुर्बिणीतून आतडं ओढून काढलं, कप्प्याचं तोंड शिवून टाकलं आणि तिला घरी पाठवलं. घरी ती छान होती. खात होती, पोट साफ होत होतं, व्हरांड्यात फेऱ्या मारत होती. मग काल दुपारी शेजारचा फोन घ्यायला ती कुशीवर वळली आणि तीच जुनी, ओळखीची कळ आली. मागोमाग हिरवी उलटी.

"स्कॅन चांगला आहे," मोठे सर आता मोठ्याने, तिच्यासाठी म्हणाले. "कप्पा बंद आहे, रिकामा आहे. भोकांच्या जागीही काही अडकलेलं नाही. आतडी जरा फुगलीत, पण ऑपरेशननंतर ती अशी रुसून बसतात. वाट बघू."

"पण सर, कळ येते हो."

"येणारच. आणि थोडं मनाचंही असतं."

तिच्या तोंडचं पाणी पळालं ते इथे. मरणाला ती जेवढी भीत नव्हती तेवढी या वाक्याला भ्यायची. एकदा हे वाक्य बोलून झालं की लोक निश्चिंत मनाने खोलीतून निघून जातात.

सर निघालेही. पण दारात कोणीतरी वाट अडवून उभं होतं.

२

"थोडं मनाचं म्हणजे नक्की किती?" दारातल्या बाईंनी विचारलं.

या बाई एके काळी सर्जन होत्या. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी चाकू सोडला, प्रश्न विचारणं मात्र सोडलं नाही. ऑपरेशन होऊन घरी गेलेलं माणूस परत आलं की रुग्णालय त्यांना बोलावून घ्यायचं. पाठीमागे सगळे त्यांना उलटतपासणी म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांना ते चांगलंच आवडायचं.

त्या खुर्ची सोडून थेट खाटेवर बसल्या आणि स्टेथोस्कोप तिच्या पोटावर ठेवून ऐकत राहिल्या. इतका वेळ, की कोपऱ्यात उभ्या असलेल्या सासूबाईंचा धीर सुटला.

"माझंच चुकलं हो, डॉक्टर! मीच हिला बिस्किटं दिली. नुसतं पातळ द्या म्हणाले होते, आणि मी..."

"आई!" तिचा नवरा ओरडला. "तुला किती वेळा बजावलं होतं! आणि एवढा वेळ गप्प बसलीस?"

"तिने मागितली रे. मला नाही म्हणवेना."

तिने डोळे गच्च मिटून घेतले. मागितली होती, खरंच. घरी आल्यापासून तिला भूक आवरत नव्हती. म्हणजे हे सगळं आपणच ओढवून घेतलं की काय, या विचाराने तिला कालपासून झोप नव्हती.

"बिस्किटं खाल्ल्यावर झोप लागली?" उलटतपासणींनी शांतपणे विचारलं.

"लागली."

"दुसऱ्या दिवशी पोट साफ झालं?"

"झालं."

"मग बिस्किटं निर्दोष सुटली. आजी, डोळे पुसा. आणि तुम्ही आईवर ओरडू नका, इथे पेशंट झोपलाय." त्या पुन्हा तिच्याकडे वळल्या. "आता मला सांग, कळ येण्याआधी काय होतं?"

"आवाज येतो. गुडगुड चढत जाते, मग पिळवटतं. मग जरा सुटतं. मग पुन्हा."

"कुठल्या कुशीवर बरं वाटतं?"

"डाव्या. उजवीकडे वळलं की जीव जातो. कोणीतरी आतून धरून ठेवल्यासारखं."

उलटतपासणींनी सरांकडे पाहिलं. "रुसलेलं आतडं गप्प असतं. हे गप्प नाही. हे जोर लावतंय, म्हणजे पुढे वाट बंद आहे."

"कशाने बंद?" सरांचा आवाज चढला. "कप्पा शिवलेला आहे. स्कॅन तुम्हीही पाहिलात."

"पाहिला ना. कप्प्याला कुलूप, कप्पा रिकामा, आणि तरीही आतडं पकडलं गेलंय. म्हणूनच म्हणते, आत दुसरं कोणीतरी आहे."

"कोणीतरी आहे म्हणून मी पोट उघडत नसतो, बाई. आतडी फुगलेली आहेत. नुसता धक्का लागला तरी फाटतील, मग ही वाचणार नाही. कशासाठी आत जायचं ते सांगा, लगेच जातो. नाहीतर संध्याकाळपर्यंत थांबू."

तिने नाकातली नळी सावरत विचारलं, "आणि संध्याकाळपर्यंत काय होईल?"

उलटतपासणी म्हणाल्या, "तुला खोटं सांगणार नाही. आतड्याची वाट अडली तर आपल्याकडे थोडा वेळ असतो. त्याचं रक्त अडलं, तर नसतो."

३

"जे काही विचारायचं ते इथेच विचारा," ती म्हणाली. "पोट माझं आहे."

उलटतपासणींना तिचा बाणा आवडला असावा. त्यांनी थिएटरच्या सिस्टरना खाटेजवळच बोलावून घेतलं. सिस्टर हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. व्हिडिओचं खापर आपल्यावर फुटणार हे त्यांनी सकाळीच ओळखलं होतं.

"मी काही पुसलेलं नाही," त्या आल्या आल्या म्हणाल्या.

"मी कुठे म्हटलं पुसलं म्हणून? त्या दिवशी सर टेबलावरून कधी गेले?"

"आतली शिवण झाली तेव्हा. दुसऱ्या थिएटरात पेशंट ताटकळला होता. सरांनी हातमोजे काढले, सगळ्यांना थँक्यू म्हणाले आणि गेले. नेहमी तसंच असतं."

"आणि रेकॉर्डिंग?"

"ते काय, सरांनी हातमोजे काढले की आम्ही बंद करतो." सिस्टर बोलता बोलता थांबल्या. त्यांनी घडी घातलेले हात सोडले. "म्हणजे... ते नेहमीचंच आहे. सरांचं काम संपलं की संपलं. पुढचं कोण बघतो?"

उलटतपासणींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं. "बघा, व्हिडिओ कोणी चोरलाच नाही. तो तिथपर्यंतच होता. सर गेले, कॅमेऱ्याचा डोळा मिटला, पण काम चालूच होतं. पुढचं कोणी केलं?"

"धाकट्या डॉक्टरांनी. रक्त येत नाही ना ते पाहिलं, धाग्याचं टोक कापलं, आतडी नीट लावली, भोकं शिवली. ते गेली कित्येक वर्षं सरांच्या हाताखाली आहेत. फार सावध माणूस."

"त्या दिवशी काही वेगळं होतं? काहीही?"

सिस्टर विचारात पडल्या. "वेगळं म्हणजे, लवकर आटपलं. सरांनी नवा धागा मागवला होता. दुर्बिणीतून आत गाठी मारायच्या म्हणजे नाकी नऊ येतात. या धाग्याला गाठ लागतच नाही. त्याला बारीक काटे असतात, ओढला की स्वतःच धरून बसतो."

उलटतपासणी उठून उभ्या राहिल्या. "त्याचं एक पाकीट आणा. आणि धाकट्या डॉक्टरांना बोलवा."

सिस्टर नवऱ्याकडे आणि सासूबाईंकडे पाहत कचरल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "ते सकाळपासून फोन उचलत नाहीयेत. ही बाई परत आली हे कळलं, आणि राऊंड अर्धवट सोडून निघून गेले."

नवऱ्याने मूठ आवळली. "पळून गेला? म्हणजे त्यानेच काहीतरी केलंय!"

तिला मात्र वेगळ्याच गोष्टीने घाम फुटला होता. पोटातला आवाज थांबला होता.

४

"गुडगुड थांबली? देवा, बरं झालं," तिने सांगताच सासूबाई म्हणाल्या.

"आई, दुखायचं थांबलेलं नाही." तिने खाटेचा दांडा धरला. कळ आता येत-जात नव्हती. ती आली होती आणि बसली होती. डाव्या कुशीवरही, उजव्याही.

उलटतपासणींनी पुन्हा स्टेथोस्कोप ठेवला. या वेळी त्यांना फार वेळ लागला नाही. त्यांनी स्टेथोस्कोप काढून गळ्यात अडकवला आणि पहिल्यांदाच एकही प्रश्न विचारला नाही. या बाईसुद्धा घाबरल्या आहेत, हे तिला कळलं. मग तिची पाचावर धारण बसली.

"आतड्याचं रक्त अडतंय. सरांना बोलवा. पळत जा," उलटतपासणी नवऱ्याला म्हणाल्या.

त्याने दार उघडलं आणि तो कोणावर तरी आदळला. बाहेर भिंतीला पाठ लावून धाकटे डॉक्टर उभे होते. ते कुठेही पळाले नव्हते. सकाळपासून याच मजल्यावर, कधी जिन्यात तर कधी या दाराशी उभे होते, आणि आत यायचं धाडस होत नव्हतं. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"माझ्या हातून काय झालं तेच मला कळत नाहीये, मॅडम," ते आत येत म्हणाले. "मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. सुई कुठे लागली नाही. रक्त नव्हतं. सगळं सरांनी शिकवलं तसंच केलं."

"धागा कसा कापलास?"

"नेहमीसारखा. बोटाच्या पेराएवढी शेपूट ठेवून."

"का?"

ते गोंधळले. इतका सोपा प्रश्न त्यांना कोणी कधी विचारलाच नव्हता. "आखूड कापलं तर गाठ सुटते म्हणून. सरांची पहिली शिकवण. शेपूट आखूड दिसली तर ते म्हणतात, पुढच्या वेळी तुझी बोटं कापीन."

तेवढ्यात मोठे सर आत आले आणि हे शेवटचं वाक्य ऐकून दारातच थबकले.

"सर, ऐका," उलटतपासणी म्हणाल्या. "मी भरभर सांगते, वेळ नाही. कप्पा बंद आहे, म्हणजे जुना चोर नाही. भोकांमध्ये काही नाही. खाण्यापिण्याचा दोष नाही, कारण कालपर्यंत वाट मोकळी होती. मग ही कुशीवर वळली आणि एका क्षणात अडकली. उजवीकडे वळली की ताण पडतो, म्हणजे आतडं डावीकडे धरलेलं आहे. तुमचा कप्पा डावीकडेच. तिथे आपण एकच वस्तू मागे ठेवली, आणि ती स्कॅनमध्ये दिसत नाही."

त्यांनी सिस्टरच्या हातातलं पाकीट फोडलं आणि धागा सलाईनशेजारच्या जाळीदार पट्टीवर ठेवला. एका बाजूने ओढला तेव्हा तो सरकला. दुसऱ्या बाजूने ओढला, तशी सगळी पट्टीच त्याच्याबरोबर उठून आली. उलटतपासणींनी हात झटकला तरी ती सुटेना.

"गाठ नसलेल्या धाग्याला शेपूट कशाला हवी?" त्यांनी विचारलं. "हा अगदी मुळाशी कापायचा असतो. याची शेपूट म्हणजे काटेरी झुडपाची फांदी. आतडं शेजारून सरकत होतं, काल ते तिच्यात गुंतलं, आणि तेव्हापासून सुटायची धडपड करत स्वतःला पिळून घेतंय."

धाकटे डॉक्टर मटकन खुर्चीत बसले. "मी केलं," ते म्हणाले. "मीच केलं."

सर पट्टीत अडकलेल्या धाग्याकडे पाहत होते. धागा त्यांनी मागवला होता. शेपूट ठेवायला त्यांनीच शिकवलं होतं. आणि नव्या धाग्याने जुनी शिकवण मोडीत काढली, हे सांगायच्या वेळी ते दुसऱ्या थिएटरात होते.

"तुला कोणी सांगितलं नाही," सर म्हणाले. "मी सांगायला हवं होतं." मग ते खाटेशी आले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज पक्का होता. "बाई, तुमचं दुखणं खरं आहे. मी मनाचं म्हणालो ते चुकलं. आत्ता आत जावं लागेल. आतडं काळं पडलं असेल तर तुकडा काढावा लागेल, आणि तुमच्या जिवाला धोका आहे. सही कराल?"

तिला रडू फुटलं. भीतीने फुटलं की आपलं दुखणं कोणीतरी खरं मानलं म्हणून, हे तिचं तिलाही कळलं नाही. तिने पेन घेतलं आणि हातात तसंच धरून ठेवलं.

"एक अट आहे," ती म्हणाली. "शेवटचा टाका पडेपर्यंत कोणी जायचं नाही. तुम्ही नाही, आणि हेही नाहीत." तिने धाकट्या डॉक्टरांकडे बोट केलं. "आणि तो व्हिडिओ शेवटपर्यंत चालू ठेवायचा."

"कबूल," सर म्हणाले.

तिने सही केली.

५

जाग आली तेव्हा तिने पहिल्यांदा पोट चाचपलं. बँडेज होतं, जखमेची आग होती, पण ती कळ नव्हती. पिळणारी, धरून ठेवणारी ती कळ कुठेच नव्हती.

"आतडं जांभळं पडलं होतं," शेजारी बसलेल्या उलटतपासणी म्हणाल्या. "सोडवलं, गरम पाण्यात भिजवलेल्या पट्ट्यांत ठेवलं, आणि आम्ही सगळे त्याच्याकडे बघत उभे राहिलो. हळूहळू गुलाबी झालं. काही कापावं लागलं नाही. शेपूट मात्र मुळापासून कापली. सरांनी स्वतः कापली, आणि धाकट्याला जवळून दाखवली."

"सगळे थांबले होते?"

"तुझी पट्टी चिकटवेपर्यंत. दुसऱ्या थिएटरातून दोनदा निरोप आला. सर म्हणाले, थांबायला सांगा."

तिचा नवरा पलीकडे बसून हमसून रडत होता आणि सासूबाई त्याची पाठ थोपटत होत्या. तिला वाटलं, आता खरंच संपलं. तिने डोळे मिटले, पण दारातून बोलणं ऐकू येत होतं. धाकटे डॉक्टर फोनवर कोणाची तरी विनवणी करत होते. त्यांनी फोन ठेवला तेव्हा मोठे सर चिडून म्हणाले, "मी बोलतो." मग त्यांचाही विनवणीचा सूर ऐकू आला. त्यांनीही फोन ठेवून दिला.

"काय चाललंय?" तिने विचारलं.

उलटतपासणींनी टाळायला पाहिलं, पण तिची नजर हटेना. तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझ्यानंतर तोच धागा आणखी एकीला घातला आहे. तसाच कप्पा, तशीच शिवण. धाकट्याने आठवून सांगितलं, तिच्या पोटातल्या धाग्याचीही शेपूट त्याने ठेवली होती. कालपासून तिचं पोट दुखतंय."

"मग तिला आणा ना!"

"येत नाहीये. म्हणते, घरचे म्हणतात भीतीने होतंय. उगाच दवाखान्यात पळते म्हणून हसतात. आणि आम्ही फोन केला तर जास्तच घाबरली. डॉक्टर स्वतःहून बोलावतात म्हणजे काहीतरी लपवतात, असं तिला वाटतंय. ती म्हणते, उद्या बघू."

उद्या. आपलं आतडं संध्याकाळपर्यंतही थांबलं नसतं, हे तिला आठवलं आणि अंगावर काटा आला. कुठल्या तरी घरात एक बाई आत्ता खाटेचा दांडा धरून पडली होती, आणि आजूबाजूची माणसं निश्चिंत मनाने खोलीतून निघून जात होती.

"फोन द्या मला."

"तुला बोलवत तरी आहे का?"

"द्या म्हणते ना!"

धाकट्या डॉक्टरांनी नंबर लावला आणि फोन तिच्या कानाशी धरला. पलीकडून एक दबका, थकलेला आवाज आला. "डॉक्टर, मी म्हटलं ना, उद्या."

"मी डॉक्टर नाही," ती म्हणाली. नळीने घसा सोलवटला होता, शब्द खरखरत बाहेर पडत होते. "मी त्यांची पेशंट आहे. तुमच्या आधीची. आत्ताच ऑपरेशनमधून उठलेय."

तिने फोन स्वतःच्या हातात घेतला.

"चूक त्यांची झाली, आणि त्यांनी माझ्यासमोर कबूल केली. तुमची काही चूक नाही. दुखतंय का?"

"घरचे म्हणतात..."

"घरच्यांचं राहू द्या. मी तुम्हाला विचारतेय. दुखतंय?"

मग ती बाई म्हणाली, "फार."

"मग खरंच दुखतंय. एवढं पुरे आहे. निघा."

पलीकडून हुंदका ऐकू आला. मग खाट करकरली, आणि त्याच दबक्या, थकलेल्या आवाजाने कोणाला तरी गाडी काढायला सांगितलं.